पालिकांकडे हिशेब मागण्याआधी

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. काही शहरांना पाच-पाच वर्षांनी नगरसेवक मिळाले आणि त्यांच्या पाठोपाठ एक जुना वादही परत आला. एक बाजू विचारते, ज्या पालिकांना पगार भागवता येत नाहीत, पथदिव्यांचे वीजबिल भरता येत नाही, घरपट्टी वसूल करण्याची हिंमत होत नाही, त्यांना राज्याने पोसायचे कशाला? दुसरी बाजू चौकाचौकात फ्लेक्स लावते की अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून शहरासाठी इतके कोटी मंजूर. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण त्यांचे गृहीतक एकच आहे: पैसा राज्याचा आणि पालिका याचक. मला हे गृहीतकच मान्य नाही. अडचणीतल्या पालिकांना राज्याने पैसा दिलाच पाहिजे. मात्र तो कायद्याने ठरलेल्या सूत्रानुसार मिळावा आणि अर्थसंकल्पात प्रत्येक शहराच्या नावापुढे त्याचा आकडा छापलेला असावा. आज जो निधी मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या मर्जीने वाटला जातो, तो बंद व्हावा. शहरे त्यामुळेच अधिक बिघडली आहेत.

विरोधकांचे म्हणणे हलके नाही, हे आधी मान्य करतो. जळगावचेच पाहा. तिथल्या तत्कालीन नगरपालिकेने घरकुलासारख्या योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून मोठे कर्ज उचलले. हजारो घरे बांधायची होती, त्यांतली थोडीच उभी राहिली. २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या घोटाळ्यात माजी मंत्र्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. दरम्यान कर्जाचे व्याज फुगत गेले, वसुलीच्या कारवाईत महापालिकेची बँक खाती गोठली आणि शेवटी राज्य सरकारनेच मध्ये पडून हुडकोशी एकरकमी तडजोड केली. म्हणजे कर्ज केले एका पिढीच्या कारभाऱ्यांनी, गटारी आणि रस्त्यांविना दिवस काढले दुसऱ्या पिढीच्या नागरिकांनी आणि त्याचा भार उचलला साऱ्या राज्याने. अशी उदाहरणे समोर असताना ‘पालिकांना पैसा द्या’ म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहणारच. घरपट्टीबद्दलचा आक्षेपही खरा आहे. नगरपरिषदांच्या कायद्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची कर आकारणी नव्याने व्हायला हवी. ती अनेक गावांत लांबते, नव्या इमारती नोंदीत येत नाहीत, आणि थकबाकीदारांच्या यादीत गावातली वजनदार नावे असली की वसुलीची मोहीम झोपडपट्टीच्या तोंडाशीच संपते. हे सगळे खरे असूनही माझी भूमिका बदलत नाही. पालिका कमकुवत का आहेत, हा प्रश्न या आक्षेपांतून सुटत नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने काही खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम बांधून दिली. तीही आधीच्या खर्चापेक्षा कमीच होती. उरलेली तूट प्रांतांनी स्थानिक करांतून भरून काढावी, अशी ती व्यवस्था होती. कामे खाली ढकलायची आणि पैशाची सोय मात्र वरच्याच्या हातात ठेवायची, ही रीत तेव्हापासूनची. १८८२ च्या ठरावात पुढचा एक व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. पण शिकायचे तर चुका आपल्या पैशाने कराव्या लागतात आणि तो पैसा हाताशी नव्हता. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालच्या नियमांत एक गोष्ट चांगली झाली. स्थानिक संस्थांनी बसवायच्या करांची वेगळी यादी आली. जमीन, इमारती, जकात, वाहने, बाजार, पाणी, दिवाबत्ती, धंदे आणि व्यवसाय असे सगळे तिच्यात होते. १९३५ च्या कायद्याने ही वेगळी यादी मोडली आणि ते सारे कर प्रांतांच्या यादीत विरघळले. आपल्या राज्यघटनेने तीच घडण पुढे चालवली. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यात नगररचना, पाणी, आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, सगळे आहे. पण कामांची यादी देणाऱ्या घटनेने करांची यादी दिली नाही. कोणता कर पालिकेला द्यायचा, हे राज्य विधिमंडळाने ठरवायचे. मग राज्याने ते कसे ठरवले?

महाराष्ट्रात नगरपालिकांचा कणा होती जकात. ती व्यापाऱ्यांना नकोशी होती, नाक्यांवर लाचखोरी चाले, ट्रक तासन्‌तास अडकून पडत. ती जावी असे म्हणणाऱ्यांचे चुकत नव्हते. पण ती रोज येणारी, शहराबरोबर वाढणारी आणि पालिकेच्या स्वतःच्या हक्काची रोकड होती. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, बदल्यात अनुदान आले. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१३ मध्ये तो मुंबई सोडून उरलेल्या मोठ्या शहरांत लागू झाला आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, म्हणजे तो कर बहुतांशी संपलाच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची वर्षाला ७ हजार कोटींच्या घरातली जकातही थांबली. या प्रत्येक वळणावर निर्णय राज्याचा किंवा केंद्राचा होता. कुठल्याही नगरपालिकेने सभागृहात ठराव करून आपले उत्पन्न सोडून दिले नव्हते. म्हणून आज पालिका जे मागतात ती मदत आहे असे म्हणणे म्हणजे सामाईक जमिनीतला आपला वाटा मागणाऱ्या भावाला भिकारी ठरवण्यासारखे आहे.

यावर सरकारी बाजू म्हणते, नुकसानभरपाई तर मिळतेच आहे. मिळते, आणि त्यासाठी २०१७ चा राज्याचा कायदा चांगला होता, हेही म्हटले पाहिजे. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के वाढ आणि दर महिन्याला आगाऊ हप्ता, ही व्यवस्था मंत्र्याच्या सहीवर अवलंबून नाही. पण राज्याने केंद्राकडून स्वतःसाठी त्याच जीएसटीपोटी १४ टक्के वाढीची हमी घेतली होती, पाच वर्षांसाठी. स्वतःला १४ आणि शहराला ८, यामागचे तत्त्व कोणते? त्याहून मोठी अडचण पायाची आहे. ज्या महापालिकेची वसुली २०१६-१७ मध्ये दुबळी होती, ती कायमची दुबळ्या पायावर बांधली गेली. त्यानंतर तिथे वस्ती वाढली, नवी उपनगरे आली, गोदामे आली, तरी त्या वाढीचा हिशेब कुठेच धरला जात नाही. लहान नगरपरिषदांची गत आणखी वाईट आहे. जकातीच्या बदल्यात आलेले अनुदान तिथे पगार आणि निवृत्तिवेतनातच संपते. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या, तेव्हा त्यांना नवे नाव मिळाले आणि ग्रामीण योजना बंद झाल्या. शहरी उत्पन्न मात्र कुठून येणार होते? दोन बाजारपेठा आणि एक एसटी स्थानक असलेल्या गावात घरपट्टी कितीही कसून वसूल केली, तरी तिच्यातून पाणीयोजना उभी राहत नाही.

व्यवसायकराकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. १९१९ च्या नियमांनी जो कर स्थानिक संस्थांच्या यादीत ठेवला होता, तो हाच. घटनेच्या २७६ व्या कलमातही हा कर राज्याबरोबरच नगरपालिकेसाठीही असू शकतो असे म्हटले आहे. केरळ आणि तमिळनाडूत तो स्थानिक संस्थाच गोळा करतात. महाराष्ट्रात मात्र १९७५ च्या कायद्याने तो राज्य घेते. त्या कायद्यामागचा हेतू मोठा होता, हे आदराने सांगायला हवे. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी भागातल्या रोजगार हमीला पैसा जावा, अशी ती कल्पना होती आणि तिने माणसे जगवली. पण आज पन्नास वर्षांनी, रोजगार हमीची रचनाच बदललेली असताना, हा कर शहरांना परत देण्यावर चर्चासुद्धा का होऊ नये? रस्ते पालिकेचे आणि मोटार वाहन कर राज्याचा. जमिनीची किंमत वाढते ती पालिकेच्या नळामुळे आणि रस्त्यामुळे, पण मुद्रांक शुल्काचा मोठा भाग राज्याचा. पालिकेच्या वाट्याला त्यावरचा १ टक्का अधिभार येतो आणि तोही हातात पडेपर्यंत पालिकांना मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागतात.

आता घरपट्टीच्या आक्षेपाकडे परत येतो, कारण विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा तोच आहे. पालिका स्वतः कर वसूल करत नाहीत, म्हणून त्यांना मदत नको. पण करांत सूट कोण देते? मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून माफी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिली. पिंपरी-चिंचवडमधला अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, २०२३ मध्ये राज्याने माफ केला. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत राज्याच्या निर्णयाने बंद झाली आणि पुढे राज्याच्याच निर्णयाने पुन्हा सुरू झाली. यातली एखादी सवलत योग्यही असेल, गरजूंसाठी ती असावीही. पण निर्णय मंत्रालयात, श्रेय पक्षाला आणि खड्डा पालिकेच्या तिजोरीला, हे कोणत्या न्यायात बसते? लहान गावांत तर नव्या कर आकारणीला विरोध होताच आमदारांमार्फत मुंबईहून स्थगिती आणली जाते. मग चार वर्षांनी तोच आमदार विचारतो, तुमची वसुली इतकी कमी कशी? ज्या सरकारने माफी जाहीर केली, त्याने ती रक्कम त्याच वर्षी पालिकेला भरून द्यावी, असा साधा नियम कायद्यात आला तरी निम्म्या माफ्या जाहीरच होणार नाहीत.

पैसा मिळत राहिला तर शिस्त येणार नाही, हा दुसरा आक्षेप. इथे बुडताना मिळणारा पैसा आणि ठरलेला वाटा यांत फरक करावा लागेल. आपण बुडत आहोत हे दाखवल्यावरच पैसा मिळणार असेल, तर बुडण्यात फायदा आहे. जळगावच्या बाबतीत तडजोड झाली ती खाती गोठल्यावर, वर्षानुवर्षे नागरिकांनी सोसल्यावर. वाटा आधीच ठरलेला असेल, तर पुढच्या वर्षी किती येणार हे पालिकेला ठाऊक असते आणि उधळपट्टी केली तर तिचे उत्तर नगरसेवकालाच द्यावे लागते. दक्षिण आफ्रिकेने दोन्ही गोष्टी केल्या आहेत आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. तिथल्या राज्यघटनेने महसुलात स्थानिक संस्थांचा न्याय्य वाटा हक्काचा केला आहे. १३९ व्या कलमानुसार आर्थिक संकटातल्या नगरपालिकेत प्रांतिक सरकारला हस्तक्षेप करता येतो, काही परिस्थितीत तो करावाच लागतो. पण नुसत्या हस्तक्षेपाने तिथली शहरे सुधारली नाहीत. त्याच त्या नगरपालिकांत प्रशासक पुन्हा पुन्हा आले आणि गेले, कारण नळ दुरुस्त करणारे अभियंते आणि हिशेब ठेवणारी माणसे तिथे नव्हतीच. २०२३ मध्ये त्यांच्या अर्थखात्याने वीजकंपनी एस्कॉमच्या थकबाकीवर योजना आणली. नगरपालिकेने चालू बिले नियमित भरली, वसुली सुधारली, तर जुनी थकबाकी तीन वर्षांत एक तृतीयांश करत माफ. त्या योजनेच्या अटीही अनेक नगरपालिकांना झेपलेल्या नाहीत, तरी तिची रचना बरोबर आहे. अटी सगळ्यांना सारख्या, आधी जाहीर केलेल्या, आणि कोणता पक्ष सत्तेत आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही.

आपल्याकडे याच्या उलटे घडते. ‘वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान’ हे शीर्षक नगरविकास खात्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कोणत्या शहराला किती, याचे सूत्र लोकांपुढे नाही. यादी आमदारांच्या पत्रांवरून बनते आणि सरकार बदलले की आधीच्या यादीला स्थगिती मिळते. या निधीतून प्रवेशद्वारे, चौक सुशोभीकरण, सभागृहे, पेव्हर ब्लॉक होतात. जलशुद्धीकरण केंद्राचे पंप बदलण्यासाठी किंवा सफाई कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी या शीर्षकात जागा नसते. उभारणीला पैसा आहे आणि देखभालीला नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वीची योजना मोडकळीला येते आणि नव्या योजनेचे भूमिपूजन होते. नगरपालिकेच्या निवडणुकीत ‘निधी आमच्याकडे आहे, म्हणून आम्हाला मत द्या’ असे राज्यातले सत्ताधारी उघडपणे सांगू शकतात, याला कारणही हीच पद्धत आहे. करदात्याच्या पैशावर अशी अट घालण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

पालिकांना अपात्र ठरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर इथे २०२० पासून आणि मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत २०२२ पासून निवडून आलेले सभागृहच नव्हते. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे घटनेचे २४३-यू कलम सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच ते बंधनकारक असल्याचे बजावले होते. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता हे खरे, पण शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुकांचा आदेश द्यावा लागला. तोवर ही शहरे राज्याने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती होती. मग या काळातल्या नादारीचा दोष नगरसेवकांवर कसा टाकणार? ‘राज्याने ताबा घेतला की कारभार सुधारतो’ हा युक्तिवाद खरा असता, तर ही वर्षे आपल्या शहरांची सोन्याची वर्षे ठरायला हवी होती.

संभाजीनगरच्या पाण्याचे उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. जायकवाडीचे धरण जवळ, तरी शहराला कित्येक दिवसांआड पाणी. खासगी भागीदारीतली समांतर जलवाहिनीची योजना २०१६ मध्ये रद्द झाली. त्यानंतरची नवी योजना १,६८० कोटींची होती. केंद्राच्या ‘अमृत २’ या शहरी पाणीयोजनेत जाईपर्यंत ती सुमारे २,७४० कोटींवर गेली. तिच्यात महापालिकेचा हिस्सा ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी. जी महापालिका ठेकेदारांची देणी देऊ शकत नाही, तिने ८२२ कोटी आणायचे कुठून? अखेर त्या हिश्शासाठी कर्जाचाच मार्ग निघाला. त्याच राज्यात मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे होते आणि तिच्या ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास राहिल्या आहेत. मुंबईकर अधिक शिस्तीचे आणि संभाजीनगरचे लोक आळशी, असे कुणी म्हणेल काय? बंदर, राजधानी, जमिनीचे भाव आणि शंभर वर्षांची जकात यांतून एक तिजोरी भरली. मराठवाड्यातल्या शहराला ती संधी कधी नव्हती. श्रीमंत आणि गरीब शहराला एकच हिस्सा भरायला लावला, तर गरीब शहरासाठी ती योजनाच कर्जाचे कारण बनते.

तिसरा आक्षेप राज्याच्या तिजोरीचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,९०० कोटी आणि एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. अशा स्थितीत आणखी पैसा कुठून, हे विचारणारे बरोबरच विचारतात. पण मी मागतो आहे त्यातला बराच पैसा आजही खर्च होतोच आहे, वेगवेगळ्या विशेष अनुदानांतून. तो सूत्रात आणला तर नव्या कर्जाची गरज मोठी नसेल. शिवाय जीएसटी, मुद्रांक शुल्क, वाहन कर हे राज्याचे मोठे उत्पन्न बहुतांशी शहरांतच तयार होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातल्या महापालिकांचे उत्पन्न दहा वर्षांहून अधिक काळ देशाच्या सकल उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपासच अडकले आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण आफ्रिकेत ६. शहरे गुदमरली तर उद्याचे राज्य उत्पन्नही गुदमरेल, हे तिजोरी सांभाळणाऱ्यांना समजत नसेल असे मला वाटत नाही.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. नियोजन स्थानिक संस्थांच्या हाती देणाऱ्या १९९६ च्या लोकयोजनेपासून तिथे योजना खर्चाचा मोठा भाग स्थानिक संस्थांकडे जातो, आणि अर्थसंकल्पाच्या चौथ्या परिशिष्टात प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या नावापुढे तिची रक्कम छापलेली असते. विकासासाठी वेगळी, देखभालीसाठी वेगळी, सर्वसाधारण खर्चासाठी वेगळी. तिथेही कपात होते, हप्ते लांबतात, पण कापले तर किती कापले हे साध्या नागरिकाला दिसते. महाराष्ट्रात पाच वर्षांनी एकदा राज्य वित्त आयोग, म्हणजे राज्याच्या महसुलातला स्थानिक संस्थांचा वाटा सुचवणारा आयोग, नेमणे घटनेने बंधनकारक केले आहे. आपण आयोग नेमतो, त्यांचे अहवाल उशिरा विधिमंडळात येतात आणि महत्त्वाच्या शिफारशी बाजूला पडतात. पंधराव्या वित्त आयोगाने तर राज्यांना बजावले होते की राज्य आयोग नेमून त्यावर कार्यवाही केली नाही, तर मार्च २०२४ नंतर स्थानिक संस्थांचे केंद्रीय अनुदान थांबेल. दिल्लीला हा दट्ट्या लावावा लागतो, हे पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला शोभत नाही.

सोळाव्या केंद्रीय वित्त आयोगाचा काळ २०२६ ते २०३१ असा आहे. महाराष्ट्राने आपल्या शहरांचा वाटाही याच पाच वर्षांसाठी कायद्याने बांधून द्यावा. लोकसंख्या, दारिद्र्य आणि पाणी आणण्याचे अंतर यांवर त्याचे सूत्र बसवावे. वैशिष्ट्यपूर्ण कामांची रक्कम त्यात विलीन करावी आणि व्यवसायकर टप्प्याटप्प्याने शहरांकडे वळवावा. लेखापरीक्षण झालेला जमाखर्च वेळेत जाहीर न करणाऱ्या पालिकेचा वाटा रोखावा, मग तिथे सत्ताधारी पक्षाचा नगराध्यक्ष असो की विरोधी पक्षाचा. नव्याने निवडून आलेल्या सभागृहांनी पहिल्या काही सभांतच याची मागणी करणारे ठराव करून विधानसभेतल्या आपल्या आमदारांच्या हाती द्यावेत आणि त्यावर आमदारांनी काय केले, हे पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी त्यांना विचारावे.